अंतरपाटामागचे रेडिओ

मी तळोद्याला ज्या घरात भाड्यानं राहिले, त्या घरात पाहुण्याला बसायला पाट मिळत नसे. पाट नव्हते असं नाही. घरमालकीण जिजींच्या माहेरहून आलेले, चांगले जाडजूड सागाचे, कोपऱ्यांत पितळी फुल्या ठोकलेले पाट होते. पण त्यांच्यावर आधीच कुणीतरी बसलेलं असायचं. एकावर काचेच्या व्हॉल्व्हचा रेडिओ, दुसऱ्यावर पोट उघडून ठेवलेला रेडिओ, तिसऱ्यावर नुसत्याच तारा आणि मधोमध एक भोंगा. मी खोली बघायला गेले त्या दिवशी घरमालकांनी मान वरही केली नाही. हातातली तांब्याची तापलेली कांब तारेला टेकवत ते म्हणाले, "जमीनवर बठ, ताई. पाट रिकामा नहीं शे."

मी बसले. कथलाच्या डागाचा वास नाकात गेला, समोर चहाचा कप आला, आणि खोलीचं बोलणं राहिलं बाजूला. पुढचा सगळा वेळ ते मला एक तार तिथंच का जोडायची ते समजावत होते. मला एक अक्षर कळलं नाही. तरी ही खोली घ्यायची, हे मी तिथंच ठरवून टाकलं.

मी तेव्हा गटविकास ऑफिसात ग्रामसेविका होते. आमचा तालुका त्या वेळी धुळे जिल्ह्यात मोडायचा. ऑफिसच्या जीपमधून सातपुड्यातल्या गावांना जायचं, जीप थांबेल तिथून पुढं चालायचं, बायकांना आणि पोरांना भेटायचं, हे माझं काम. घरमालकांना सगळा गाव आप्पा म्हणायचा. तापीकाठी त्यांची केळी आणि कापूस होता. पिढ्यांपूर्वी गुजरातेतून आलेलं शेतकरी घराणं. आपसात गुजरी, गावाशी अहिराणी, ऑफिसच्या माणसांशी शाळेतलं मराठी, आणि रेडिओशी मात्र आप्पा इंग्रजी बोलायचे. आवाज खरखरला की भोंग्याकडे वाकून म्हणायचे, "कम, कम, डोंट बी शाय." जिजी आतून म्हणायच्या, "मन्हाशी तर कधी इतलं गोड नहीं बोलनात."

आप्पांना हा नाद लागला तो दुसरं महायुद्ध संपल्यावर. कापूस विकायला सुरतेला गेले आणि परत येताना भंगारवाल्याकडून फौजेच्या रेडिओचे व्हॉल्व्ह पोतंभर घेऊन आले. जिजींनी साडी सांगितली होती. साडी कधी आली ते मला माहीत नाही, पण तेव्हापासून पाट गेले ते गेलेच.

पाटच का, तर आप्पांचं तसं शास्त्र होतं. "पाटवर मावस तोच रेडिओ. बाकी कपाट शे," असं ते म्हणत. रेडिओला पेटी करायला त्यांचा सक्त विरोध. पेटीत घातला की लोक लाकडाला भुलतात, आत काय आहे ते कुणी बघत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळा रेडिओ एका पाटावर उघडा मांडलेला हवा, म्हणजे तो काय करतोय ते दिसतं आणि चुकला तर कुठं चुकला तेही कळतं. नवा पाट हाती आला की आधी ते बोटाच्या पेरानं ठोकून बघत. कान लावून ऐकत. मग कुठं पहिला खिळा.

त्या दिवसांत गावात ज्याच्याकडे चार पैसे खुळखुळायचे त्याला रेडिओ हवा असे. कुठला घ्यावा, तयार घ्यावा की बांधून घ्यावा, व्हॉल्व्हचा घ्यावा की नवीन निघालेला ट्रान्झिस्टर घ्यावा, यावर चहाच्या दुकानात भांडणं होत. दुकानदारांचे छापील कागद खिशात घालून लोक आप्पांकडे येत. आप्पा तो कागद हातात घेत आणि न वाचता परत देत. "कागद काय सांगस ते ठेव बाजूले. पाट काय सांगस ते ऐक."

आणि ऐकायची त्यांची रीत अशी होती की तिच्यासारखी दुसरी मी पुढं कुठंच पाहिली नाही.

त्यांच्या मुलीच्या लग्नातला अंतरपाट जिजींनी ट्रंकेत जपून ठेवला होता. पांढरा शुभ्र, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. आप्पांनी तो बाहेर काढला. ओसरीच्या एका अंगाला दोन रेडिओ, दोन पाटांवर. दोघांना तीच एक तार, अंगणातल्या कडुलिंबावर चढवलेली. मध्ये दोघांनी अंतरपाट धरायचा आणि अलीकडे बसून ऐकायचं. कुठला कुठल्या पाटावर आहे ते ऐकणाऱ्याला दिसता कामा नये. दिवेलागणीला मुंबई स्पष्ट लागे, तेव्हा ही परीक्षा चाले. आधी एक ऐकवायचा, मग दुसरा, आणि मग विचारायचं, कुठला पसंत?

"आवाज पटस तंवर तोंड देखानं नहीं," आप्पा बजावत.

जिजी पहिल्यांदा हे बघून इतक्या संतापल्या की हातातलं लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "आंडेरना लगीनना अंतरपाट शे तो! वाळत घालाना धोतर नहीं!" आप्पा शांतपणे म्हणाले, "लगीनच करी ऱ्हायनू. कानचं आनि रेडिओचं." जिजींना हसू आवरलं नाही. तिथंच त्या हरल्या असं त्या मला नेहमी सांगत.

या परीक्षेत भल्याभल्यांची फजिती झाली. नंदुरबारचे एक व्यापारी चकचकीत पेटीतला तयार रेडिओ मोटारीतून घेऊन आले होते. अंतरपाटाआडून त्यांनी स्वतःच पसंत केला तो आप्पांचा उघडा पाट. पडदा बाजूला झाल्यावर ते आपल्या पेटीकडे असे बघत राहिले की मला त्यांची दया आली. आप्पांना आली नाही. आप्पा नम्र बिम्र मुळीच नव्हते. जिंकले की टोपी काढून गुडघ्यावर आपटत आणि भर रस्त्यातून जाणाऱ्याला बोलावून सांगत. पुढचा आठवडाभर ते घराबाहेर जरा लांब ढांगा टाकत चालत.

ट्रान्झिस्टरवर मात्र त्यांचा राग होता. सुरतेहून त्याचे भाग आणून तोही त्यांनी पाटावर बांधला होता, कारण शत्रूलाही पाट द्यायचा हा त्यांचा धर्म. पण आवाजाला ते कोंबडीचा आवाज म्हणत. एकदा भर वैशाखात त्यांनी दोन्ही रेडिओ पत्र्याखाली ठेवले. व्हॉल्व्हचा रेडिओ बोलत राहिला. ट्रान्झिस्टर दुपारपर्यंत पुटपुटला आणि मग गप्प. आप्पांचा आनंद ओसंडून वाहायला लागला. "थंडा मुलुखना जावई शे तो. ऊन लागनं की भोवळ येस!" जिजींनी तो पाट उचलला आणि पाण्याच्या माठाशेजारी, ओल्या वाळूजवळ नेऊन ठेवला. काही वेळानं तिथून बारीक आवाजात बातम्या यायला लागल्या. आप्पा तिकडे न बघता म्हणाले, "जावईले माठनी हवा लागस." पण मी बघत होते. त्यांनी ती गोष्ट मनात नीट ठेवून दिली.

आता डोंगरातली गोष्ट.

काठी गावाच्या वाटेवर एक पाडा होता. तिथं मी सारखी जायची. ऑफिसनं काही वर्षांपूर्वी त्या पाड्याला एक रेडिओ दिला होता, पेटीतला. तिथले कारभारी म्हातारे, काटक, बाजारात शिकलेल्या अहिराणीत बोलणारे. मी पुन्हा रेडिओचा विषय काढला तेव्हा ते मला घरामागं घेऊन गेले आणि पेटी दाखवली. "पयला डबा उना. थोडा दिन बोलना, मंग मुका व्हयना. आते त्यामा कोंबडी अंडा देस." आणि खरंच आत गवत होतं आणि कोंबडी रागावून माझ्याकडे बघत होती. मग कारभारी हसायचे थांबले आणि म्हणाले, "मुका डबा पुन्हा नको, ताई. लोक मले हसतस, त्यानं काही नहीं. पन तुले हसतीन, मंग तुन्हं दुसरं बी कोनी ऐकाव नहीं."

ते खरं होतं. त्या पाड्यावर माझी सगळी पत एका शब्दावर होती. मी सांगितलं म्हणून बायका पोरांना टोचून घ्यायला आणत होत्या, मी सांगितलं म्हणून पाणी उकळत होत्या. मी दिलेली वस्तू मुकी झाली असती तर ते सगळंच मुकं झालं असतं. तरी मी तिथं उभी राहून म्हणाले, "या वेळी तो मुका होणार नाही." आणि घरी येऊन आप्पांच्या समोर जमिनीवर बसले.

आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पेटीमा व्हता ना तो? मंग मरनारच." त्यांच्या मते प्रश्न सुटला होता. आपला व्हॉल्व्हचा पाट, त्यांनी स्वतः घडवलेला, कमी बॅटरी खाणारा, सगळ्या परीक्षा जिंकलेला, तो द्यायचा. पण परीक्षेशिवाय देणं त्यांच्या तत्त्वात बसेना. ऐकणार कोण, पाड्यावरचे लोक. तर मग निवडणारही तेच. दोन्ही रेडिओ वर न्यायचे, अंतरपाट न्यायचा आणि कौल तिथं घ्यायचा. आपला व्हॉल्व्हच जिंकणार याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ट्रान्झिस्टर फक्त हरायला बरोबर येत होता.

होळी जवळ आली होती. जीप जिथं थांबली तिथून वर चढ. जीपच्या ड्रायव्हरनं दोन्ही पाट घेतले, मी अंतरपाट आणि तारा घेतल्या. व्हॉल्व्हच्या रेडिओची बॅटरी चांगली उशीएवढी मोठी होती आणि जड तर विचारूच नका. कारभाऱ्यांनी खाली दोन तरुण माणसं पाठवली होती, ती हात पुढं करून उभी होती. आप्पांनी नकार दिला. "मन्हा रेडिओनं काळीज शे ते. दुसराना खांदावर नहीं." साठीला आलेला माणूस, धोतर खोचून, गोणपाटात गुंडाळलेली बॅटरी खांद्यावर घेऊन चढायला लागला. पहिल्या वळणापर्यंत ते मला रेडिओतलं काहीतरी समजावत होते. दुसऱ्या वळणानंतर बोलणं बंद झालं. त्यानंतर दर झाडाखाली ते थांबायचे आणि म्हणायचे, "काय सुंदर झाड शे!" मी आणि ड्रायव्हर एकमेकांकडे बघत नव्हतो.

वर पोचलो तर ढोलाचा सराव चालू होता आणि होळीसाठी निवडलेला उंच, सरळ बांबू आणून ठेवलेला होता. आप्पांचा थकवा पळाला. एरियलच्या तारेला एवढा उंच बांबू त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. ते तार घेऊन सरळ तिकडे निघाले. कारभाऱ्यांनी धोतराचं टोक धरून त्यांना थांबवलं. सगळा पाडा हसत सुटला. "तो देवना शे, आप्पा. तुम्हना मुंबईना नहीं." मग घरामागचा दुसरा बांबू तोडून आणला, आणि तोही आणताना पोरांनी थट्टेनं ढोल वाजवला. आप्पा त्या ढोलापुढं नवरदेवासारखे चालत आले.

दिवेलागणीला परीक्षा झाली. एका बाजूनं अंतरपाट मी धरला, दुसऱ्या बाजूनं ड्रायव्हरनं. पाड्यावरची माणसं, बाया, कडेवरची पोरं, सगळी अलीकडे बसली. आधी एक रेडिओ बोलला. भरदार आवाज, गाणं असं आलं की ढोलवाला मान डोलवायला लागला. मग दुसरा. तेच गाणं, पण बारीक, जरा नाकातलं. कारभाऱ्यांनी विचारलं आणि सगळीकडून एकच ओरडा झाला, "पयला! पयला!"

आम्ही अंतरपाट बाजूला केला. पहिला व्हॉल्व्हचाच होता.

आप्पांनी टोपी काढून गुडघ्यावर आपटली. मला वाटलं आता हे नाचणार. लोकांना दाखवायला म्हणून ते वाकले, बॅटरी दोन्ही हातांनी उचलली आणि खांद्यावर घ्यायला गेले. खांदा वर झालाच नाही. त्यांनी ओठ दाबले आणि बॅटरी हळूच खाली ठेवली. मग ते आम्ही आलो त्या वाटेकडे बघत उभे राहिले. लोक ओरडत होते, ढोल परत सुरू झाला होता, आणि हे आपले खांदा चोळत वाटेकडे बघतायत.

त्यांनी हात वर केला तेव्हा ढोल थांबला.

"कारभारी, मन्हा रेडिओ जितना," ते म्हणाले. "पन तो आठे ठेवानं काम नहीं."

मला कळेना. कारभाऱ्यांनाही कळेना.

"हाई बॅटरी संपनी की नवी नंदुरबारथून आननी पडी. मी एक खेप आनी, मन्हा खांदा भरी उना. वरीसभर कोन आनी? तुम्हना पयला डबा पेटीमुळे नहीं मरना. या चढमुळे मरना." मग त्यांनी ट्रान्झिस्टरच्या पाटाखालून टॉर्चचे सेल काढून हातावर घेतले. "याना मसाला, ह्या सेल, मोलगीना बाजारमा मिळस, मिठना शेजारे. मीठ आनतस ना तुम्ही? मंग हाऊ बोलत ऱ्हाई."

कुणीतरी कुरकुरलं की पहिल्याचा आवाज गोड होता. आप्पा म्हणाले, "गोड शे, मन्हाच शे ना तो! पाटवर जितना, वाटवर हारना." आणि मग माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "इतला वरीस मी पाट बदलात, ताई. परीक्षा मातर मन्हाच घरमा लिधी. तठेच चुकनू."

स्वतः मांडलेल्या परीक्षेत, स्वतः जिंकल्यावर, टाळ्या वाजत असताना निकाल स्वतःच्या विरुद्ध फिरवणारा माणूस मी तो एकच पाहिला. माझा शब्द त्यांनी राखला हे खरंच. पण मला त्या क्षणी शब्दाची आठवणही नव्हती. अंतरपाटाचं टोक माझ्या हातात होतं आणि मला एवढंच वाटत होतं की हा माझा घरमालक आहे, मी यांच्या घरी राहते. अशा माणसाला मी भाडं देते याचासुद्धा मला अभिमान वाटला.

निघताना त्यांनी कारभाऱ्यांच्या बायकोला माठाजवळची जागा दाखवली. "उन्हायामा याले आठे बसाडानं. थंडा मुलुखना जावई शे. पन पानी पाजू नको." ती पदर तोंडाला लावून हसत होती. पाटावर सगळं खिळ्यांनी ठोकलेलं होतं, त्यामुळे पाटही तिथंच राहिला. उतरताना बॅटरी कारभाऱ्यांच्या माणसांनी घेतली आणि आप्पांनी ती मुकाट्यानं दिली.

घरी आल्यावर जिजींनी पानं वाढली आणि थांबल्या. "मन्हा पाट?"

"डोंगरमा दिन्हा."

जिजी हातातलं भांडं खाली ठेवून आत गेल्या. माहेरची वस्तू, न विचारता दिलेली. दुसऱ्या दिवशी आप्पांनी कापसाच्या खोलीतली एक लांब फळी काढली, उरलेले सगळे रेडिओ तिच्यावर हलवले, पाट चिंचेनं घासून जिजींच्या पुढं रचले. त्या घरात पाहुण्याला पाट मिळायला लागला, मलाही मिळायला लागला. फक्त आप्पांच्या पानाशी जिजी पाट ठेवत नसत. आप्पांनीही कधी मागितला नाही. जमिनीवर मांडी घालून जेवायचे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला डोंगरातली गोष्ट सांगायचे. जिंकल्याच्या गोष्टी ते जशा सांगत, तशीच ही हरल्याची गोष्ट, टोपी गुडघ्यावर आपटून. त्या नंदुरबारच्या व्यापाऱ्यालाही बोलावून सांगितली. तो रेडिओ बांधून घ्यायला आला होता, आप्पांनी त्याला आधी विचारलं, "तू ऱ्हास कोठे? बॅटरी कोन आनी?" आता ते सगळ्यांना आधी हेच विचारत आणि अंतरपाट मग काढत.

मी पाड्यावर जात राहिले. रेडिओ चालू असे. उन्हाळ्यात माठाजवळ, पावसाळ्यात चुलीपासून लांब. पुढच्या होळीनंतर गेले तर तो उंच खुंटीवर, नव्या बांबूच्या तट्ट्यावर बांधलेला दिसला. पोरं ओढतात म्हणून पाड्यातल्याच कुणीतरी एकेक खिळा काढून जसाच्या तसा हलवला होता. बोलत होता. मी दारात चपला काढल्या तशी कारभाऱ्यांच्या बायकोनं कोपऱ्यातून पाट आणला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढं ठेवला. सागाचा, कोपऱ्यांत पितळी फुल्या, अंगावर डागल्याच्या काळ्या खुणा आणि खिळ्यांची भोकं.

"बठ, ताई," कारभारी म्हणाले. "बोलनारा पाट शे हाऊ. पाव्हनालेच देतस आम्ही."

त्या घरात एवढाच एक पाट होता. मी बसले, आणि माझे डोळे भरून आले ते मी धुरावर ढकललं.

त्या संध्याकाळी जेवताना मी हे घरी सांगितलं. आप्पा घास हातात धरून ऐकत होते. त्यांना आधी रेडिओचंच विचारायचं होतं, कुणी हलवला, कसा हलवला, आवाज बदलला का. पण जिजी मध्येच बोलल्या.

"पाव्हनाले देतस?"

"हो, जिजी. पदरानं पुसून."

"पितळ घासतस का?"

"चकचकत होतं."

जिजी उठल्या. आत गेल्या, रचलेल्या पाटांतला एक काढला आणि आप्पांच्या शेजारी जमिनीवर ठेवला. "बठा," त्या म्हणाल्या.

आप्पांनी पाटाकडे बघितलं. सवयीनं बोट वाकवून पेरानं तो ठोकला आणि कान जरा जवळ नेला.

"आते तरी परीक्षा नका ल्या," जिजी म्हणाल्या.

आप्पा उठले, पाटावर नीट मांडी घालून बसले, आणि जिजींनी त्यांचं पान पुढं सरकवलं.